बदकी फार पिते

४ मार्च

मामा,
नमस्कार.

बदकी सुखरूप पोहोचली. तिच्यात बसून मीही पोहोचलो. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. आईला ओरडता येतं, म्हणून ती फोन करते. मी पत्र लिहीन. शाळा नववीत सुटली तरी अक्षर सुटलेलं नाही. आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर राग मानू नये.

निघताना आपलं जे ठरलं ते पुन्हा लिहितो, म्हणजे पुढे वाद नको. तुमच्या डोळ्यांना आता गाडी चालवणं झेपत नाही, म्हणून बदकी वर्षभर माझ्याकडे. पुढच्या मार्चमध्ये टाकी काठोकाठ भरून मी घरून निघायचं, घाट चढून तुमच्याकडे यायचं, चहा प्यायचा आणि त्याच टाकीत घरी परतायचं. वाटेत पंप दिसला तर मान फिरवायची. तुमचे शब्द असे होते: "जो हे करून दाखवील, गाडी त्याची. नाही जमलं तर विकून टाकीन, पण पेट्रोल नासणाऱ्याच्या हाती माझी बदकी देणार नाही." बरोबर ना?

मला ही गाडी हवीच आहे, मामा. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला लोक घरी बोलावतात, आणि काम मोठं असलं की मशीन उचलून दुकानात आणावं लागतं. आजवर मी ते बसमध्ये मांडीवर घेऊन आणत होतो. मागच्या महिन्यात कंडक्टरने मशीनचं अर्धं तिकीट मागितलं. सगळी बस हसली.

आता शंका. येताना मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. वेग वाढला की मला पुढच्या वळणाची काळजी वाटते. हे चाललं का?

तुमचा भाचा


११ मार्च

शंकासुरा,

सपाट रस्त्यालाही तिसराच? बदकी कण्हत आली असेल बिचारी. मी आयुष्यभर टॅक्सी चालवली, पण गाडीला असं वेठीला धरणारा माणूस पाहिला नाही. इंजिन गुरगुरायला लागलं की वरचा गिअर टाकायचा. ती सांगते, तू ऐकत नाहीस.

आता नीट वाच. मागच्या सीटवर दिवस भरलेली बाई बसली आहे असं समजून चालव. दचका नको, झटका नको. सिग्नल लांबून लाल दिसला की तिथेच पाय उचल. लाल दिव्यापर्यंत धावत जाऊन करकचून थांबणारे लोक खिशाला भोक पाडून फिरतात. टपावरचा कॅरियर काढ, तो वारा अडवतो. डिकीतली मोडकी मशीनंही काढ. लागेल, लागेल म्हणून तू काय काय जमवून ठेवतोस ते मला माहीत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. थंड इंजिन अधाशासारखं पितं. तुझं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी दुकानात पायी जायचं. दुपारी लांबची कामं एका फेरीत उरकायची, तेव्हाच बदकी काढायची. तोवर किल्ली दारामागच्या खिळ्यावर. खिशात किल्ली असली की हात शिवशिवतो.

माझी पत्रं आईला मोठ्याने वाचून दाखवत जा. सगळी. तिला तुझी काळजी असते.

मामा


२ मे

मामा,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. डिकी रिकामी केली. आई म्हणाली, "अगंबाई, हिला डिकी पण आहे!" सकाळी दुकानात चालत जातो. दुकानातले उस्ताद म्हणतात, "गाडी आल्यापासून तू जास्त चालायला लागलास."

पत्र आईला वाचून दाखवतो. ती हातातलं शिवण बाजूला ठेवून ऐकते. परवा मध्येच म्हणाली, "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना पाय आधी उचलायचा की नंतर?" मला भरून आलं, मामा. माझ्यासाठी ती किती बारीक विचार करते! मी तिला ताट, वाटी आणि तांब्या यांचे तीन पेडल करून सगळं समजावलं. तिने दोनदा करून पाहिलं.

आता चिंतेची गोष्ट. एवढं करूनही बदकी फार पिते. काटा बघता बघता खाली येतो. शिवाय काही विचित्र गोष्टी घडतात. दुपारी गाडीत बसायला जातो तर सीट पुढे सरकलेली असते, गुडघे स्टिअरिंगला लागतात. आरसा खाली झुकलेला असतो. मी रोज नीट करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणतो त्याने असं कधी ऐकलेलं नाही.

याचा आणि पेट्रोलचा काही संबंध असेल का?

तुमचा भाचा


१० मे

शंकासुरा,

गॅरेजवाल्याचं वय काय? पोरगेलासा असेल. उतारावर फार ब्रेक मारतोस, म्हणून सीट आपोआप पुढे येते. साधी गोष्ट आहे. आरसा उन्हाने मान टाकतो.

पेट्रोलचं म्हणशील तर हा उन्हाळा आहे. गाडी सावलीत लाव. भट्टी झालेल्या गाडीत बसून लगेच एसी लावू नकोस. आधी चारी काचा खाली कर, गरम हवा जाऊ दे. गावात हळू जाताना काचा उघड्या पुरतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतलास की काचा बंद, कारण तेव्हा उघडी काच गाडीला मागे खेचते.

दुसऱ्यातून तिसऱ्यात: आधी ॲक्सिलरेटरचा पाय उचल, मग क्लच, मग गिअर. आणि गिअरकडे खाली बघायचं नाही! गिअर कुठे पळून जात नाही. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखव.

मामा


१९ ऑगस्ट

मामा,
नमस्कार.

वाक्य दोनदा वाचलं. आई म्हणाली, "त्याला म्हणावं, बोलणं सोपं असतं."

पावसाळा सुरू आहे. टायरमधली हवा दर आठवड्याला बघतो. साचलेल्या पाण्यात गाडी घालत नाही, एअर फिल्टर गॅरेजवाल्याकडून साफ करून घेतला. तरी बदकी पितेच. मला आता पक्कं वाटतं की कुणीतरी पेट्रोल चोरतं. टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. काही फरक नाही. मग टाकी गळत असेल म्हणून रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. गॅरेजवाला म्हणाला, "टाकीला भोक नाही रे, तुझ्या डोक्याला आहे." मी त्याला चहा पाजणं बंद केलं आहे.

भरीत भर, मागच्या बंपरला पोचा आला आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "मला कसं माहीत, मी तर फिरायला गेले होते." तुम्हाला सांगायचं राहिलं, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंबरोबर ती रोज सकाळी फिरायला जाते. त्यांची दुपारची पाळी असते. जाताना छत्री नेत नाही तरी भिजत नाही, आणि एवढं फिरून वजन काही कमी झालेलं नाही. पण चेहऱ्यावर तेज आलं आहे.

चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणत होते, मैदानात त्यांनी बदकीसारखी गाडी पाहिली, आत दोन बायका होत्या आणि गाडी उड्या मारत होती. मी म्हटलं, काका, पांढरी गाडी काय एकच असते? स्वतःच्या दुकानातला चष्मा घ्या एक.

बंपरला पोचा कशाने येतो?

तुमचा भाचा


२७ ऑगस्ट

शंकासुरा,

मांजर.

मामा

ता. क. मागे घेताना आरशावर विसंबू नये, मान वळवून बघावं, हे आईला सांग. म्हणजे तूही तसंच कर.


५ ऑक्टोबर

मामा,
नमस्कार.

मांजरावर मी बराच विचार केला. मांजर पोचा पाडू शकेल असं मला वाटत नाही. पण तुमचा अनुभव मोठा आहे.

ता. क. मध्ये तुमची एक चूक झाली होती. तुम्ही 'आईला सांग' असं लिहिलं होतंत. ते 'तुला सांगतो' असं हवं होतं. डोळ्यांच्या त्रासामुळे होत असेल. जपून लिहावं.

आता आनंदाची बातमी! मी विचार केला, चोर कुलूप उघडत नसेल, तर गाडीच नेत असेल. म्हणून महिनाभर किल्ली खिळ्यावर न ठेवता खिशात घालून दुकानात नेतो आहे. आणि मामा, चमत्कार! बदकीने पिणं सोडलं. काटा जागचा हलत नाही. सीट मागच्या मागे. आरसा ताठ. असंच चाललं तर मार्चमध्ये एका टाकीत येऊन जाणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

आईची तब्येत मात्र बरी दिसत नाही. फिरायला जाणं बंद झालं आहे. भांडी आपटते. काल मी म्हटलं, "आई, किल्लीची युक्ती कशी काय वाटली?" तर म्हणाली, "हुशार आहेस. जेव आता."

तुमचा भाचा


१२ ऑक्टोबर, ताबडतोब

शंकासुरा,

किल्ली खिळ्यावर ठेव. आजच. हे पत्र मिळताच.

अरे, सकाळभर गाडी निपचित पडली तर बॅटरी उतरते. आईला सांग, रोज सकाळी जरा चालू करत जा. नर्सबाईंना बरोबर घेऊ दे. दोन माणसं असलेली बरी.

मामा


१९ ऑक्टोबर

मामा,
नमस्कार.

किल्ली खिळ्यावर ठेवली. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात आई तुमच्याशी फोनवर बोलत होती तेव्हा तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं: "उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे नळ सोडून गावाला जाणं!" आता तुम्हीच म्हणता, चालू करत जा. यातलं खरं काय धरायचं? आणि बॅटरीला दोन बायका कशाला लागतात?

आई पुन्हा गाणी म्हणायला लागली आहे. फिरायला जाते. बदकी पुन्हा पिते.

तुमचा भाचा


३ डिसेंबर

शंकासुरा,

प्रत्येक नियमाला अपवाद असतो, आणि तुमच्या घरातला अपवाद माझ्याहून धाकटा असला तरी माझं ऐकत नाही. एवढंच समज.

थंडी पडली. सकाळी गाडी गरम करायची म्हणून उभ्या उभ्या घुरघुरवत बसू नकोस. चालू कर, दोन श्वास घे, निघ. पहिला थोडा रस्ता हलक्या पायाने ने, चालता चालता ती आपोआप गरम होते. थंडीत टायरमधली हवा आकसते, ती बघ. उतारावर गाडी न्यूट्रल करतोस का? करत असशील तर कान पकड. त्याने काही वाचत नाही आणि गाडी हातात राहत नाही. गिअरमध्ये ठेव, पाय उचल, इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

आज मी फार खूश आहे. का, ते विचारू नकोस. शेजाऱ्यांना पेढ्यासारखं तोंड करून सांगत फिरतो आहे. आईला म्हणावं, शाब्बास.

मामा


१५ जानेवारी

मामा,
नमस्कार.

आईला शाब्बास म्हटलं. ती लाजली. कशाबद्दल ते दोघांनाही विचारलं नाही. तुमची भाऊबहिणींची काही जुनी गंमत असेल.

न्यूट्रल करत होतो. कान पकडले.

मामा, आता कुणी काही म्हणो, माझ्या पायाला वळण लागलं आहे. किल्ली खिळ्यावरच आहे, बॅटरीसाठी आई रोज गाडी चालू करते, तरी महिनाभर बदकी पूर्वीच्या निम्मंसुद्धा पीत नाही. सीट अजून पुढे येते, पण मी तिकडे लक्ष देत नाही. एवढ्या कष्टांचं फळ एकदम मिळालं.

मार्चच्या पहिल्या रविवारी येतो. आई म्हणते, मीही येते. मी म्हटलं, तेवढं वजन वाढेल. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. आई येते आहे.

तुमचा भाचा


८ मार्च

मामा,
नमस्कार.

रविवारी आम्ही तुमच्या दारातून निघालो तोवरचं तुम्हाला माहीत आहे. घाट चढतानाचं मात्र सांगितलं नव्हतं. मागून ट्रकने हॉर्न दिला की मी जोर करायचो, पुढे वळण आलं की ब्रेक. वर्षभर शिकलेलं सगळं पायातून निघून गेलं आणि पुन्हा तिसरा गिअर धरून बसलो. तुमच्याकडे पोहोचलो तेव्हा काटा अर्ध्याच्या बराच खाली होता. तो तुम्ही पाहिलात आणि आईकडे बघून नुसता चहा ढवळलात. मला तो चहा गोड लागला नाही.

पुढचं सांगतो. तुमचं गाव सोडून घाटाच्या तोंडाशी आलो आणि मी म्हटलं, "आई, आपण हरलो. हे घरापर्यंत पुरणार नाही. मामा गाडी विकणार. मी पुन्हा बसमध्ये मशीन मांडीवर घेऊन बसणार."

आई म्हणाली, "गाडी बाजूला घे."

"का? मळमळतंय?"

"नाही. उतर आणि इकडून येऊन बस."

मला वाटलं, तिला जरा पुढून दरी बघायची असेल. मी उतरून फिरून आलो, तोवर ती स्टिअरिंगपाशी. पर्समधून लायसन्स काढून तिने माझ्या हातात ठेवलं. फोटोत केस नीट विंचरले होते. मला काही कळेना. मग तिने खाली हात घातला आणि सीट पुढे ओढली. खट्, खट्. दोन खाचा.

मामा, त्या आवाजासरशी मला सगळं वर्ष कळलं. मांजरसुद्धा.

ती घाट उतरायला लागली. मी बोलायला लागलो तर थांबेना. "आई, वळण." "दिसतंय." "आई, ट्रक." "त्यालाही मी दिसतेय." "आई, ब्रेक!" "गप बस, दिवस भरलेली बाई आहे मागे." तिने ब्रेकला पाय लावला असेल नसेल. गाडी गिअरमध्ये, पाय उचललेला, बदकी आपली आपण डोलत उतरत होती. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर हिने काच खाली करून त्याला हाताने पुढे जायची वाट दाखवली, वर म्हणाली, "जा बाबा, तुझं दूध उतू जात असेल."

खाली सपाटीला लागल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मागच्या वर्षी बदकी दारात आली तेव्हा मी नुसता स्टिअरिंगला हात लावला. तू काय म्हणालास आठवतं? 'आई, तुझं काय काम तिथे?' म्हटलं, बघू या काही काम निघतं का."

मला आठवलं. मी तेव्हा गाडी पुसत होतो, आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"आणि मामा?"

"त्याला तेव्हाच फोन केला. तो म्हणाला, पत्रं तुझा मुलगाच वाचून दाखवील, तू फक्त कान दे." मग हसायला लागली. "आणि ताट-वाटी-तांब्या तू शिकवलास. मैदानात शिकवताना नर्सबाई म्हणाल्या, क्लचचं हिला आधीच छान कळलंय."

काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा घर अजून बरंच लांब होतं. वाटेत पंप आला. आम्ही दोघांनी एकदम मान फिरवली. आमच्या गल्लीच्या वळणावर बदकीला उचकी लागली. आईने तिच्या डोक्यावर थोपटल्यासारखं डॅशबोर्डवर थोपटलं. दारासमोर गाडी उभी राहिली, आईने किल्ली फिरवली आणि नर्सबाईंनी वरून टाळ्या वाजवल्या. आज सकाळी गाडी चालू होईना. टाकीत थेंब नव्हता. पंपावरून डबा भरून आणावा लागला. म्हणजे पोहोचलो ते बरोबर पोहोचलो.

आता निकाल. 'जो हे करून दाखवील, गाडी त्याची' असे तुमचे शब्द होते. जाताना मी चालवली, येताना आईने. खोटं लिहिणार नाही. मी एकट्याने चालवली असती तर घाटाखालच्या पंपावर उभा असतो. तुम्ही म्हणाल ते मान्य. फक्त विकू नका.

तुमचा भाचा


१६ मार्च

शंकासुरा,

निकालाला काय अवघड आहे? जाताना अर्ध्याहून जास्त तू प्यायलास. उरलेल्यात तिने घर गाठलं. कागदपत्रं सोबत आहेत, तिच्या नावावर केली आहेत. सही करताना खालच्या ओळीत कर म्हणावं, वरच्या नव्हे.

तू रडू नकोस. तुझी मशीनं घेऊन दुपारी गाडी न्यायची असेल तर मालकिणीला विचार. मालकीण तुझी आई आहे, नाही म्हणणार नाही. पण विचार. नुसती किल्ली उचलून चालू लागलास तर मला फोन येईल, आणि तिचा फोन मला चांगला ऐकू येतो.

सीटबद्दल मी तुला थाप मारली. ब्रेकने सीट सरकत नाही. आरसाही मान टाकत नाही. बॅटरीला दोन बायका लागत नाहीत. बाकी मात्र अक्षर अन् अक्षर खरं.

मामा


२ एप्रिल

मामा,
नमस्कार.

रडलो नाही. थोडासा.

दुपारी गाडी मागतो, मिळते. आई दारामागच्या खिळ्यावरून किल्ली काढून हातात देते आणि "उतारावर न्यूट्रल नको" म्हणते. मशीनं डिकीत घालून मी निघतो. चौथ्या गिअरमध्ये जातो आता. वळणाची काळजी वाटते, पण वळण येईपर्यंत वाटत नाही.

सकाळी गाडी तिची. नर्सबाईंना आता सकाळची पाळी लागली आहे, त्यांना दवाखान्यात सोडते, शिवणासाठी धाग्यांच्या घाऊक बाजारात स्वतः जाऊन येते, कुणाला विचारत नाही. चष्मेवाल्या काकांची मी माफी मागितली. गॅरेजवाल्याला पुन्हा चहा सुरू केला आहे.

एक नियम तिने घातला आहे. मी गाडीत बसताना सीट मागे घ्यायची, उतरताना दोन खाचा पुढे करून ठेवायची. काल घाईत विसरलो. आज सकाळी ती गाडीकडे गेली आणि लगेच दारातून मला हाक मारली. चेहरा अगदी काळजीचा.

म्हणाली, "काय रे, घाट चढताना फार जोर लावतोस का? सीट आपोआप मागे गेली आहे."

तुमचा भाचा